दारावरचं नवं

मानकरी भालचंद्र आमच्या खळ्यात आला तेव्हा मी पायरीवर बसून दगडावर विळा घासत होते. नुकत्याच सारवलेल्या खळ्यात तो चपला घालूनच चालत आला. देवळाच्या पायरीवर कोणाची चप्पल जरा पुढे आली तर हाच माणूस अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडतो. दुसऱ्याचं खळं मात्र त्याला रस्ताच वाटतो.

"इळो कशाक काढलंस गो, प्रभा?" त्याने विचारलं.

विचारायची गरज नव्हती. आमच्या खळ्यातून खाली पाहिलं की आमचे तीन कुणगे दिसतात. कुणगे म्हणजे भाताची लहान खाचरं. त्या तिन्हींवर आमचं वर्षाचं जेवण चालतं. भात पिवळं होऊन लोंब्या पार खाली वाकल्या होत्या. चार दिवस आणखी उभं ठेवलं असतं तर दाणे आपले आपण गळायला लागले असते.

"भात कापूक," मी म्हटलं.

"देवाचो नवो झाल्याबिगर?"

आमच्या गावात नव्याच्या पुनवेपर्यंत भाताला विळा लावत नाहीत. आश्विनातल्या त्या पुनवेला देवाच्या कुणग्यातल्या लोंब्या कापून ग्रामदेव रवळनाथासमोर नेतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं घालतो, ढोल वाजतो, लोंब्या देवाच्या पायाशी ठेवतात. मग त्यातलीच एकेक लोंबी प्रत्येक घराला मिळते. ती आंब्याच्या पानात, कुरडूच्या फुलासोबत दारावर बांधायची. यालाच नवं म्हणतात. ते झालं की दुसऱ्या दिवसापासून कापणी. रीत वाईट आहे असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही.

पण ही रीत घातली त्या लोकांच्या शेतात गरवं भात असायचं. ते सावकाश पिकायचं, पुनवेलाच तयार व्हायचं आणि तोवर पाऊसही निघून गेलेला असायचा. आता मिरग कोरडा जातो. रोपं उन्हात करपतात, पुन्हा पेरावं लागतं. म्हणून हळूहळू सगळ्या गावाने लवकर पिकणारं हळवं बियाणं धरलं. पाऊस उशिरा येतो तो जायचं नावही घेत नाही, दिवाळीच्या कंदिलावर पडतो. बियाणं बदललं, पाऊस बदलला, तारीख तेवढी तिथेच राहिली. त्यात त्या वर्षी अधिक आश्विन आला आणि पुनव आणखी महिनाभर पुढे गेली. कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं होतं सगळ्यांच्या घरात. ते बघून एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

"भात अधिक म्हयनो बघून पिकणा नाय, भावजी," मी म्हटलं. "पावस येतलो म्हणतत. टीव्हीर सांगल्यानी."

"टीव्हीवरच्या बायेक देवापेक्षा ज्यास्त कळता?"

भालचंद्राने सगळी उमर मुंबईत एका कचेरीच्या दारात स्टुलावर बसून काढली. निवृत्त होऊन गावात आला, बापाचं मानकरीपण गळ्यात घातलं आणि सहा महिन्यांत त्याला देवाच्या मनातलं सगळं कळायला लागलं. हाताला चिखल लागलेला मी त्याला कधी पाहिला नाही. देवाचा कुणगा मानाने त्याच्या घराने करायचा, तो सुद्धा मजुरीवर लावून घ्यायचा. पण गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की आवाज असा लावायचा की रवळनाथही घाबरून हो म्हणत असेल.

त्याने मला समजावलं नाही, रागावलाही नाही. आत दाराकडे बघून, ऐकणाऱ्याला नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझ्या इळ्यान पयली लोंबी पडली, काय रघूच्या गळ्यातलो ढोल उतरलो म्हणान समज."

आणि चपला वाजवत गेला.

दाराआड आमचे हे उभे होते. रघुवीर, माझे यजमान. सगळं बोलणं त्यांनी तिथेच उभं राहून ऐकलं. भालचंद्र वळणावर दिसेनासा झाला तेव्हा बाहेर आले आणि विचारलं, "गेलो?"

ह्यांच्या घराण्याचा ढोलाचा मान. बाप वाजवायचा, त्याआधी आजा. म्हणजे करायचं काय, तर वर्षातून चार वेळा चामड्यावर काठी मारायची. पण त्या ढोलापायी हा माणूस जेवढा जगला तेवढा कशापायी जगला नाही. कोणी पाव्हणा आला की सांगायचे, ढोलावर काठी पडल्याशिवाय नवं देवाच्या पायाशी ठेवता येत नाही, मानकरी असला तरी त्याला थांबावं लागतं. पाव्हण्याने मान हलवली की ह्यांची छाती दोन बोटं वर. मला हसू यायचं. नवं थांबलेलं कोणी कधी बघितलं होतं? भालचंद्राचा शेवटचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत ह्यांची काठी पडलेली असायची.

मी ह्यांना आदल्या वर्षीची आठवण दिली. आदल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखे पुनवेपर्यंत थांबलो होतो. पाऊस आला, भात आडवं झालं, पाण्यात राहिलं. जे हाती आलं ते काळं. गिरणीत घातलं तर निम्मी कणी झाली. पेजेला असा कुबट वास यायचा की म्हशीच्या पुढ्यात ओतली तर तिनेही तोंड फिरवलं. आम्ही मात्र वर्षभर तीच प्यायलो. कारण म्हशीला नाही म्हणता येतं.

"ढोल गेलो तर माझ्या बापाशीक काय सांगू?" हे म्हणाले.

बापाला जाऊन तीस वर्षं झाली होती.

"सांगा, औंदा पोटभर जेवलंय म्हणान," मी म्हटलं.

दुपारी बघते तर खुंटीवर ढोल नाही. मला वाटलं भालचंद्र माणूस पाठवून घेऊन गेला. तर नाही. कोणी मागायच्या आधीच हे स्वतः देवळात नेऊन ठेवून आले होते. मी अजून एकही लोंबी कापली नव्हती. इतका भित्रा माणूस देवाने घडवावा आणि तो नेमका माझ्याच कपाळी लिहावा, याचा मला त्या दिवशी भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कुणग्यात उतरले.

आमच्याकडे कापणी कोणी एकट्याने करत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्यांच्या ज्यांच्या शेतात मी वर्षानुवर्षं वाकले होते त्या सगळ्या बाया त्या दिवशी बांधावरून ये-जा करत होत्या. एरवी त्या वाटेने कुत्रं जात नाही. एकीला शेण टाकायचं होतं, एकीला शेळी शोधायची होती. हातात विळा कोणाच्याच नव्हता. बहिष्कार म्हणायचं नाही, त्याला आता कायदा आहे, पोलीस येतात. नुसतं कोणी यायचं नाही, एवढंच. माझी सख्खी जाऊ बांधावर उभी राहून म्हणाली, "एकटी किती कापशीत गो?" मी म्हटलं, तू बघत उभी राहशील तेवढं. मग तीही गेली.

कंबर मोडायची वेळ आली. दुपारी डोंगरावर पूर्वेकडून ढग चढायचे, गडगडायचे, आणि मी विळा आणखी भरभर चालवायची. पहिले दोन दिवस ढगांनी नुसतं भिववलं. कापलेल्या पेंढ्यांना ऊन मिळालं.

संध्याकाळी माणसाचं तोंड नीट दिसेनासं झालं की हे यायचे. भारा डोक्यावर घ्यायचे आणि वरच्या वाटेने नाही, मागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, घरी न्यायचे. म्हणजे बायकोने भात कापलं ते पाप. पण ते काळोखात घरात आणलं तर देवाला दिसत नाही, असा काहीतरी हिशेब असावा. मी विचारलंही नाही. भारे घरात येत होते, मला तेवढं पुरे होतं.

तिसरा कुणगा संपवून शेवटच्या मुठीतल्या लोंब्या मी झोडल्या नाहीत. माझ्या माहेरी भात ज्या दारातून घरात येतं त्या दारावर आधी लोंबी बांधतात. मी आंब्याचं पान आणलं, कुरडूचं फूल आणलं आणि चांगली मूठभर लोंब्यांची जुडी करून चौकटीवर बांधली. देवाच्या आधी आमच्या दारावर नवं. हे बघून आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि दार चुकवून परसातून आत गेले.

त्यानंतर पाऊस आला.

विजा, वारा आणि पाणी, सलग तीन दिवस. मी पडवीत बसून भात झोडत होते आणि बाहेर बघत होते. चौथ्या दिवशी उघडल्यावर खाली गेले. सगळा मळा झोपला होता. त्यावर पाणी आणि वर कडक ऊन. दोन दिवसांत लोंब्यांना तिथल्या तिथे कोंब फुटले. पिवळ्या भातातून हिरवे कोंब वर आलेले पाहिले आणि मला बांधावरच रडू आलं. जावेचा कुणगा, शेजारणीचा कुणगा, सगळ्यांच्या मुलांच्या तोंडचं होतं ते. मला वाटलं होतं की गावाची जिरली की मी हसेन. हसू आलं नाही. रडता रडता मी त्या सगळ्यांना मोठ्याने शिव्या घातल्या. पिकलेलं भात डोळ्यांसमोर उभं, कनवटीला विळा, आणि ही धडधाकट माणसं एका तारखेला भिऊन घरात बसली होती.

मला वाटलं आता तरी उजेड पडेल. पडला, पण भलताच. संध्याकाळी देवळात सभा झाली आणि भालचंद्राने सांगितलं की देव कोपला. का कोपला? तर प्रभाने आधी विळा लावला म्हणून. पाऊस गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत पडला होता. एवढ्या मुलखाचं भात देवाने कोणासाठी बुडवलं, तर माझ्या तीन कुणग्यांसाठी. आणि बुडवताना नेमकं माझंच तेवढं वाचवलं. यावर एकानेही डोकं खाजवलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नारळ घेऊन देवळात यावं आणि माफी मागावी असं ठरलं.

मी गेले नाही. हे गेले. माझ्या नावाचा नारळ ह्यांनी ठेवला, मला न विचारता. घरी आल्यावर मी विचारलं, काय मागितलंत? तर म्हणाले, "काय नाय. नारळ ठेवलंय." त्या रात्री मी ह्यांना वाढलं नाही. भांड्यात काढून घ्या म्हटलं. नवा भात शिजला होता, घरभर वास होता. हे जुन्याच पेजेची वाटी घेऊन कोपऱ्यात बसले.

पुनवेच्या सकाळी भालचंद्र परत आमच्या खळ्यात आला. तिथेच उभा राहिला. या खेपेला चपला बाहेर होत्या.

देवाच्या कुणग्यात कोंब न फुटलेली एक लोंबी उरली नव्हती. गावात कुठेच नव्हती. देवाला अखंड, कोरडी लोंबी लागते. कोंब आलेली चालत नाही. हा नियमही मानकऱ्यांचाच. शेजारच्या गावांत माणूस पाठवला होता, तिथेही तीच गत.

बराच वेळ त्याने हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, "चार लोंबये व्हये होते. रघूकडे देऊन पाठव. कोणाक कळूचा नाय."

"सगळा झोडला, भावजी," मी म्हटलं. "लोंबये आसत ते दारार."

त्याने चौकटीकडे पाहिलं. जुडी सुकून छान सोन्यासारखी दिसत होती. त्याची पंचाईत माझ्या लक्षात आली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या दारावर आधी बांधलेलं, म्हणजे देवासाठी उष्टं. आणि न न्यावं तर देवाला त्या वर्षी नवंच नाही. मग मानकरी हवा कशाला?

मी पुढ्यातलं भात पाखडत राहिले. शेवटी तो हळूच म्हणाला, "देवाक भाव कळता." एवढा वेळ देवाला नियम कळत होता.

"मगे सोडून घेवा," मी म्हटलं. "माझो हात पोचणा नाय."

माझा हात पोचत होता, मीच बांधली होती. हे आतून स्टूल घेऊन आले. भालचंद्र स्टुलावर चढला. बाजूच्या घरांची दारं एकेक करून उघडी झाली. गाठ मी घट्ट मारलेली, त्याला सुटेना. घाम पुसत, बोटांनी ओरबाडत त्याने ती सोडवली आणि उतरला.

"एक करा," मी म्हटलं. "गाऱ्हाण्यात सांगा, भात कोणाचा ता."

"सांगतलंय," तो म्हणाला. जाताना ह्यांना म्हणाला, "रघू, ढोल घे आज. तुझो मान तुका."

आणि आमचे हे हसले. लहान मुलासारखे. धोतर बदलून, केस विंचरून त्याच्या मागोमाग निघाले. मला तर ह्यांच्याकडे बघवेना. पण मीही गेले. भालचंद्र शब्द पाळतो की नाही ते मला बघायचं होतं.

सगळा गाव जमला होता. पुरुष पुढे, बाया खांबांमागे. भालचंद्राने दोन्ही हातांत जुडी धरली आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

बारा पाचाच्या मानकऱ्यांची नावं झाली, लेकराबाळांचं, गुराढोरांचं झालं. मग तो म्हणाला, "आज ह्यो जो देवाच्या कुणग्यातलो नवो तुझ्या पायाशी ठेवलेलो असा, तो गोड मानून घे, म्हाराजा."

देवाच्या कुणग्यातला. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी त्याला सकाळी आमच्या स्टुलावर चढलेला पाहिला होता. तरी सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझी जाऊसुद्धा म्हणाली. मला आश्चर्य वाटलं नाही, नुसता वीट आला. मी जायला वळले.

आणि ढोल वाजला नाही.

मी परत पाहिलं. हे ढोल गळ्यात अडकवून, काठी हातात धरून उभे होते. भालचंद्र जुडी घेऊन खाली वाकलेला, तसाच थांबला. त्याला वाटलं ह्यांना ऐकू गेलं नाही. त्याने शेवटची ओळ पुन्हा म्हटली. लोकांनी पुन्हा व्हय म्हाराजा म्हटलं.

"वाजव रे," कोणीतरी म्हणालं.

"नाव चुकला," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी काय म्हणाला, काय म्हणाला असं एकमेकांना विचारलं. हे परत म्हणाले, "कुणग्याचा नाव चुकला."

भालचंद्राचं तोंड लाल झालं. पण काठी पडल्याशिवाय त्याला नवं खाली ठेवता येईना, आणि वाकून वाकून कंबर राहीना. त्याने दात खात म्हटलं, "रघूच्या कुणग्यातलो नवो, म्हाराजा."

ढोल वाजला नाही.

"माझो नाय," हे म्हणाले. "मी इळो लावूक नाय. मी मागच्या व्हाळातसून भारे व्हयलंय, काळोखातसून. जिणा कापल्यान, तिचा नाव घे."

भालचंद्राने इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या बाजूने बोलायला एकही तोंड उघडलं नाही. ही माणसं कोणाच्याच बाजूने बोलत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळलं असावं. मग त्याने माझं नाव घेतलं. प्रभावती रघुवीर, तिच्या कुणग्यातलं नवं. रवळनाथासमोर बाईचं नाव गाऱ्हाण्यात त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.

व्हय म्हाराजा म्हणायलाही लोक विसरले. ह्यांनी वाट पाहिली. मग काठी मारली, अशी की चामडं फाटतं की काय वाटलं.

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दारावर माझ्या शेतातली लोंबी बांधली गेली. घरी आल्यावर मी ह्यांचं पान मांडलं आणि नवा भात वाढला. ह्यांनी तीनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी भालचंद्राने देवाला कौल लावला आणि पिकेल तेव्हा कापायची परवानगी मिळवली. आता तो येईल त्याला सांगतो की पाऊसपाणी बदललं हे सगळ्यात आधी त्याने ओळखलं. लोक मान हलवतात. त्यांना कोणाच्याही पुढे मान हलवायची सवय आहे. लवकर कापूनही दरवेळी साधतं असं नाही. मध्ये एका वर्षी भात पिकायच्या आतच पाऊस आला आणि सगळ्यांबरोबर माझंही गेलं. तेव्हा देव कोणावर कोपला ते कोणी सांगितलं नाही.

ढोल मात्र माझं नाव घेतलं त्याच वर्षी आमच्या घरातून गेला. काहीतरी कारण काढून भालचंद्राने तो दुसऱ्या घराला दिला. हे मागायला गेले नाहीत. कापणीला मात्र आता दिवसाढवळ्या येतात, वरच्या वाटेने.

नव्याच्या पुनवेला आम्ही मागे खांबापाशी उभे असतो. गाऱ्हाणं संपतं, आणि भालचंद्राचा शेवटचा शब्द पुरता व्हायच्या आत तो नवा पोरगा ढोलावर काठी मारतो. दरवर्षी हे माझ्याकडे वळून तेच म्हणतात.

"घाय करता."